फोटोच्या आडून बांध कोरणारे

नरखेड तालुक्यातील एका गावच्या बुद्ध विहारात नुकतीच कार्यकर्त्यांची बैठक झाली. विषय तीन होते. शिष्यवृत्तीचे अडलेले अर्ज, अत्याचाराच्या एका प्रकरणात साक्षीदारांची जवळ आलेली तारीख आणि १४ एप्रिलची वर्गणी. बैठक आटोपली, चहा आला आणि महिला मंडळाच्या एका ताईंनी आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. "भाऊ, नुसता फोटो आला तरी मोबाईल दुसऱ्याच्या हातात जाते म्हंतेत लोक. खरं हाय का हे?" बाजूला बसलेला एक पदवीधर तरुण हसला. म्हणाला, "काकू, ओटीपी दिल्याशिवाय काहीच होत नसते."

आम्ही हसलो नाही. कारण ताईंचा प्रश्न बरोबर होता आणि पदवीधराचे उत्तर चूक होते. त्या दिवशी चहा संपेपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. परंतु विषय चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशातला असल्यामुळे तो सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी ताईंच्या मोबाईलमध्ये काय आहे ते पाहू. मोबाईल जुना, नागपूरच्या बाजारातून दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. त्यात गावातील पंधरा-वीस मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाची पहिली पाने आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज ताईच भरून देतात म्हणून ही कागदपत्रे फोटो काढून त्यांच्याकडे येतात. त्याच मोबाईलमध्ये अत्याचाराच्या त्या प्रकरणातील फिर्यादीची प्रत आहे, जखमांचे फोटो आहेत आणि साक्षीदारांची नावे लिहिलेला वहीच्या पानाचा फोटोही आहे. पूर्वी हे सारे लोखंडी पेटीत असायचे आणि पेटीला कुलूप असायचे. आज ती पेटी मोबाईल झाली आहे आणि तिचे कुलूप कुणी तपासलेले नाही.

मोबाईलवरील फसवणूक तीन तऱ्हांची असते. या तिन्ही तऱ्हांची आपल्याकडे नेहमी सरमिसळ होते, म्हणून त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली तऱ्हा लग्नपत्रिकेची. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहन चलन' या नावाची फाईल येते. ती पत्रिका नसते, फोटोही नसतो. ते ॲप असते, त्याच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ते आपण स्वतः बसवतो आणि बँकेचे संदेश चोराच्या हाती जातात. दुसरी तऱ्हा ई-मेलची. ओळखीच्या माणसाच्या नावाने पत्र येते, सोबत जोडलेली फाईल आपण उघडतो आणि संगणकाचा ताबा जातो. या दोन्ही तऱ्हांमध्ये माणूस फसवला जातो. येथे "उघडू नका, बसवू नका, ओटीपी देऊ नका" हा उपदेश लागू पडतो.

तिसरी तऱ्हा मात्र वेगळी आहे. येथे माणूस फसत नाही, मोबाईलमधील प्रोग्राम फसतो. फोटो खराखुरा फोटोच्याच स्वरूपात येतो. काही प्रकारांत तर तो पाहण्याचीही गरज नसते. मोबाईलवर येऊन पडला आणि त्याची छोटी प्रतिमा दाखवण्यासाठी प्रोग्रामने तो वाचायला घेतला की काम झाले. येथे ओटीपीचा संबंध नाही आणि मालकाच्या हुशारीचाही नाही.

हे कसे घडते? आपल्याला फोटो म्हणजे चित्र वाटते. मोबाईलच्या दृष्टीने फोटो म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी असते. यादीच्या आरंभी ती फाईल स्वतःबद्दल माहिती देते. माझी रुंदी इतकी, उंची इतकी, अमुक भागाची लांबी इतकी. ही माहिती वाचून प्रोग्राम मोबाईलच्या मेमरीत जागा मोकळी करतो आणि तेथे चित्र मांडतो. आता समजा, फाईलने सांगितलेले माप खोटे असले तर?

काटोल-नरखेडच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्याला याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दिवाणी दाव्यांत बांधाचे वाद काही कमी नसतात. संत्र्याचा बगीचा असो की कपाशीचे वावर, बांध कोरण्याची रीत एकच. दर हंगामाला नांगराचे एक तास शेजाऱ्याच्या वावरात घालायचे. मोजणीचे दगड जागेवर नसले की कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाईलची मेमरी ही अशीच गट क्रमांक घातलेली जमीन आहे. एका तुकड्यावर फोटो मांडायचा असतो, तर लगतच्या तुकड्यावर प्रोग्रामने स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवलेल्या असतात. जागा शंभर घरांची दिली आणि लिहिले गेले पाचशे घरांचे, तर उरलेले चारशे शेजारच्या नोंदींवर लिहिले जाते. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

शेजारच्या तुकड्यावरील नोंदींमध्ये एक नोंद मुखत्यारपत्रासारखी असते. "येथील काम संपले की पुढचा हुकूम अमुक ठिकाणाहून घ्यावा," असे तीत लिहिलेले असते. फोटो तयार करणाऱ्याने हिशेब करून नेमकी तीच नोंद बदलली, तर पुढचा हुकूम त्याने फोटोत लपवलेल्या आकड्यांमधून घेतला जातो. म्हणजे मुखत्यारपत्रावर नाव भलत्याचे लागले. यापुढे तो मालकाच्या नावाने व्यवहार करणार आणि मालकाला पत्ताही लागणार नाही.

या फसवणुकीचे जुने उदाहरण २००४ सालचे आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजमधील जेपेग फोटो वाचणाऱ्या भागाची मोठी दुरुस्ती जाहीर केली. जेपेग फाईलमध्ये शेरा लिहिण्यासाठी एक जागा असते. तिच्या आरंभी दोन घरांत त्या भागाची लांबी लिहिलेली असते आणि या लांबीत ती दोन घरेही मोजायची असतात. म्हणजे लांबी दोनपेक्षा कमी असणे शक्यच नाही. प्रोग्रामने काय केले? लिहिलेल्या लांबीतून दोन वजा केले आणि तेवढा मजकूर उचलला. आधी तपासले नाही. कुणी मुद्दाम शून्य लिहिले, तर शून्यातून दोन गेले उणे दोन. परंतु ज्या हिशेबात उणे आकडा बसतच नाही, तेथे तो सुमारे ४२९ कोटी होऊन बसतो. मग प्रोग्राम ४२९ कोटी घरांचा मजकूर एवढ्याशा जागेत ओतू लागतो. बांध कुठला आणि वावर कुठले!

यानंतर वीस वर्षे उलटली. रोग संपला का? नाही. ७ सप्टेंबर २०२१ रोजी टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये सापडलेल्या फाईली ॲपल कंपनीकडे पाठवल्या. त्यांच्या नावाच्या शेवटी 'जीआयएफ' होते, म्हणजे हलणारी चित्रे पाठवतो ती. आत मात्र पीडीएफ होते आणि त्या पीडीएफमध्ये जेबिग-२ नावाच्या, फॅक्सच्या काळातील काळ्या-पांढऱ्या चित्रपद्धतीचा मजकूर होता. तो वाचणाऱ्या प्रोग्रामची बेरीज चुकत होती. जुन्या वीज मीटरचे आकडे ९९९९ झाल्यावर पुन्हा ०००० होतात, तशी. बेरीज फिरून लहान झाली, लहान जागा मोकळी केली गेली आणि मोठा मजकूर त्यात ओतला गेला. गुगलच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये याची चिरफाड केली, तेव्हा दिसले की सत्तर हजारांहून अधिक चित्र-आज्ञा जोडून त्या एका फाईलच्या आत जणू छोटा संगणकच उभा केला होता. बनवणारी होती इस्रायलची एनएसओ ही कंपनी आणि हेराचे नाव पेगासस. मालकाने एक बोटही लावण्याची गरज नव्हती.

सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच. आयफोनवर फोटो जोडून पाठवलेल्या फाईलींतून पेगासस उतरत असल्याचे सिटिझन लॅबने उघड केले. त्या मार्गाला 'ब्लास्टपास' नाव पडले. त्याच दिवसांत वेबपी नावाच्या फोटोपद्धतीचा वाचक प्रोग्राम सदोष निघाला. कोणत्याही बऱ्या फाईलला पुरेल एवढी जागा त्याने राखली होती, परंतु मुद्दाम बिघडवलेली फाईल त्यापेक्षा मोठा तक्ता लिहायला लावत होती. हा वाचक क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि असंख्य ॲपमध्ये एकच. एका कारखान्याचे सदोष कुलूप जणू गावातल्या प्रत्येक दारावर लागलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपलला फोटो वाचणाऱ्या भागातील आणखी एक बांध दुरुस्त करावा लागला. या वेळी व्हॉट्सॲपमधील एका वेगळ्या त्रुटीची जोड देऊन हल्ला झाला होता आणि व्हॉट्सॲपने दोनशेहून कमी लोकांना तशी सूचना पाठवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅमसंगच्या काही मोबाईलवर अशाच बिघडवलेल्या फोटोंतून हेरगिरी झाल्याचे जाहीर झाले. फाईलींची नावे व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंसारखी होती. दुरुस्ती एप्रिल २०२५ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली ते सुटले.

सुज्ञ वाचक विचारतील, सौदी अरेबिया कुठे आणि नरखेड कुठे? अंतर वाटते तेवढे नाही. नागपूर येथून फार लांब नाही. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सॲपने एनएसओ कंपनीविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. जगातील सुमारे १,४०० मोबाईलवर व्हॉट्सॲपच्या कॉलमधून पेगासस पाठवल्याचा तो दावा होता. भारतातील १२१ जणांचा आकडा पुढे सरकारनेच सांगितला. ज्यांना सूचना मिळाली त्यांत नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड होते आणि बाबासाहेबांच्या घराण्याशी नाते असलेले विचारवंत डॉ. आनंद तेलतुंबडेही होते. तो हल्ला फोटोतून नव्हता, कॉलमधून होता. परंतु दोष त्याच जातीचा. आलेल्या मजकुराचे माप न तपासता जागा भरली गेली. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले. आणि फोटोच्याच मार्गाचे म्हणाल, तर भारतात काम करणारे पत्रकार आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर ऑगस्ट २०२३ मध्ये 'ब्लास्टपास'शी जुळणाऱ्या हल्ल्याच्या खुणा सापडल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. आपण हे साधन केवळ सरकारी यंत्रणांनाच विकतो, असे एनएसओ सांगत आली आहे. आपल्या सरकारने बेकायदा पाळतीचा आरोप फेटाळलेला आहे.

दुसरे नाव नागपूरच्या वकिलांना विसरता येणार नाही, ॲड. सुरेंद्र गडलिंग यांचे. ६ जून २०१८ रोजी त्यांना भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तज्ज्ञ संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला की, त्यांच्या संगणकाचा ताबा वीस महिन्यांहून अधिक काळ परक्याच्या हाती होता आणि कागदपत्रे बाहेरून टाकण्यात आली. तपास यंत्रणेने हे स्वीकारलेले नाही. खरेखोटे न्यायालयातच ठरायचे आहे. तो मार्ग ई-मेलचा होता, फोटोचा नव्हता, हेही आम्ही स्पष्ट करतो. तरीही हे उदाहरण आम्ही देतो, कारण ताबा गेल्यावर काय होऊ शकते ते यावरून कळते. चोर फक्त वाचून जातो असे समजू नका. ज्याच्या हाती मुखत्यारपत्र आहे तो पेटीतून कागद काढू शकतो, तसा पेटीत कागद ठेवूही शकतो. घरातून काही गेले तर निदान शोध तरी घेता येतो. जे घरात आणून ठेवले, त्याचा खुलासा करता करता माणसाचे आयुष्य जाते.

कायदा येथे काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलची 'हॅश' संख्या नोंदवावी लागते. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक प्रकरणात अधोरेखित केलेच होते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. म्हणून जप्तीच्या वेळी हॅश नोंदवून त्याची प्रत मागणे हा आपला आग्रह असलाच पाहिजे. परंतु येथे एक बारकावा आहे. जप्तीनंतर कुणी ढवळाढवळ केली का, एवढेच हॅश सांगते. जप्तीपूर्वी फोटोच्या आडून आत शिरलेल्याने काय ठेवले, हे ती सांगत नाही. पेटीला लाख लावून मोहोर मारली, याचा अर्थ पेटीतला प्रत्येक कागद मालकाचाच असा होत नाही. बचावाच्या वकिलांनी आणि न्यायाधीशांनीही हा फरक मनावर घेतला पाहिजे.

पेगाससच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तज्ज्ञ समिती नेमली. तिच्यापुढे २९ मोबाईल तपासणीला आले. त्यांपैकी पाचांमध्ये काही घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही आणि शासनाने सहकार्य केले नाही, असे २५ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयात सांगण्यात आले. यातून एवढा धडा निघतो की, एकदा बांध कोरला गेला की नंतर तो सिद्ध करणे तज्ज्ञांनाही जड जाते. मग नरखेडच्या ताईंनी तो कसा सिद्ध करावा?

बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे त्यांनी घातले होते. हे कलम त्या स्वरूपात संविधानात आले नाही. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांनी 'कागदपत्रे' हा शब्द का घातला असेल, हे ज्याची कागदपत्रे हीच त्याची ओळख आणि हत्यार आहे त्याला सांगावे लागत नाही. आज ती कागदपत्रे मोबाईलमध्ये आहेत. झडती घेणाऱ्याला आता दार ठोठवावे लागत नाही, एवढाच काय तो बदल झाला आहे.

आता प्रश्न असा आहे की, हा दोष कायमचा दुरुस्त का होत नाही? फोटो वाचणारे बहुतेक जुने प्रोग्राम सी आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांमध्ये लिहिलेले आहेत. सी ही १९७० च्या दशकातील भाषा. ती वेगवान आहे, परंतु माप तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर सोडते. लिहिणारा एके ठिकाणी चुकला की बांध उघडा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या याच गोंधळातले असतात. उपाय आहे. रस्टसारख्या नव्या भाषा मोजणीचा दगड जणू भाषेतच पुरून ठेवतात. माप ओलांडू लागताच काम थांबते. गुगलने अँड्रॉइडचे नवे काम अशा भाषांमध्ये करायला घेतले, तेव्हा मेमरीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. म्हणजे हा दोष दैवी नाही, माणसाने केलेला आहे आणि माणसाला तो दूर करता येतो. जे माणसाने लादले ते माणूस मोडू शकतो, हे या चळवळीला कुणी शिकवण्याची गरज नाही.

परंतु दुरुस्ती निघणे वेगळे आणि ती दारापर्यंत पोहोचणे वेगळे. विहारात त्या दिवशी आम्ही ताईंच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन'खाली सुरक्षा अपडेटची तारीख पाहिली. ती कित्येक वर्षांपूर्वीची निघाली. कंपनीने त्या मॉडेलची दुरुस्ती थांबवली होती. मग सर्वांनीच आपापली तारीख पाहिली. ज्यांचा मोबाईल नवा आणि महागडा त्यांची तारीख अलीकडची, ज्यांचा दुसऱ्याच्या हातचा त्यांची जुनी. हसलेल्या पदवीधराचीही जुनीच. येथेही उतरंड आहे. दोष सर्वांच्या मोबाईलमध्ये सारखा, दुरुस्ती मात्र ऐपतीप्रमाणे. आणि ज्याची ऐपत कमी, त्याच्याच मोबाईलवर शासनाने रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सारे टाकलेले. २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले होते. वाचकांना ते आठवत असेल. त्यांची तक्रार मोबाईल चालत नाही ही होती. चालणारा मोबाईल सुरक्षित आहे का, हा पुढचा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मोबाईलच्या खोक्यावर किंमत छापतात तशी सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत मिळेल ती तारीख छापावी आणि ती मराठीत असावी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना असा कालावधी जाहीर करणे बंधनकारक आहे. तेथे शक्य ते येथे का नाही? दुसरे, शासनाने कोणत्याही योजनेसाठी मोबाईल दिला किंवा सक्तीचा केला, तर त्याच्या दुरुस्तीची मुदत शासनाची जबाबदारी असावी. तिसरे, ज्या शासकीय संकेतस्थळांवर लाखो मुले आपले फोटो आणि दाखले चढवतात, तेथे ते फोटो वाचणारे प्रोग्राम अद्ययावत आहेत की नाहीत, याची तपासणी होऊन ती जाहीर व्हावी. कारण वाचकाचा दोष मोबाईलमध्ये असतो तसा सर्व्हरमध्येही असू शकतो.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण काय करावे? घाबरून फोटो पाठवणे बंद करू नये. असे हल्ले खर्चिक असतात, ते निवडक माणसांवर होतात. परंतु लढणारा माणूस हाच निवडक माणूस असतो, हेही विसरू नये. व्हॉट्सॲप आणि ब्राउझर जुन्या मोबाईलवरही बराच काळ अपडेट होतात, ते दर आठवड्याला करावेत. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप उतरणे बंद करावे. याने सर्व हल्ले थांबत नाहीत, परंतु एक दार कमी होते. ज्यांच्यावर पाळतीची शक्यता आहे अशा कार्यकर्त्यांनी व वकिलांनी आयफोनवरील 'लॉकडाउन मोड' किंवा नव्या अँड्रॉइडवरील 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' चालू करावे. ॲपल, व्हॉट्सॲप किंवा गुगलकडून हल्ल्याची अधिकृत सूचना आली, तर मोबाईल पुसून टाकू नये. तो आधी जाणकाराला दाखवावा, कारण पुसलेल्या मोबाईलमधून पुरावाही जातो.

आणि एक गोष्ट कंपन्यांची नाही, शासनाची नाही, सर्वस्वी आपली आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातील कलम १५-अ हे २०१५ च्या दुरुस्तीने आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. पीडित व साक्षीदारांच्या संरक्षणाचा हक्क त्यात आहे. साक्षीदारांची नावे व पत्ते गुप्त ठेवण्याचे आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. आपण किती कष्टाने हे कलम मिळवले! आणि आपणच त्याच साक्षीदारांची यादी दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकतो. दोनशेपैकी एकाचाही मोबाईल परक्याच्या ताब्यात असला, तर न्यायालयाचा आदेश कागदावरच राहिला म्हणायचे.

त्या बैठकीत शेवटी ठराव झाला तो असा. साक्षीदारांची नावे व जखमांचे फोटो कोणत्याही ग्रुपवर जाणार नाहीत. असलेले काढून टाकण्यापूर्वी मूळ प्रती वकिलाकडे सुरक्षित ठेवल्या जातील. यंदाच्या वर्गणीतून डीजेच्या खर्चाला कात्री लावून एक नवा, दुरुस्तीची मुदत शिल्लक असलेला मोबाईल घेतला जाईल. त्यात फक्त प्रकरणांची कागदपत्रे राहतील. त्याच्या सुरक्षा अपडेटची तारीख दर पौर्णिमेच्या बैठकीत वहीत लिहिली जाईल. ती वही ताईंकडे राहील आणि तारीख पाहण्याचे काम त्या पदवीधर तरुणाकडे. त्याने ते काम आनंदाने घेतले.

साक्षीदारांची तारीख जवळ आली आहे. त्या दिवशी ताई साक्षीदारांना घेऊन न्यायालयात येतील. त्यांचा जुना मोबाईल त्या दिवशी घरी राहील.

जयभीम.